मोतीची भाकरी, लाडूचा भोपळा

सत्तरच्या दशकात खेडेगावात वाढलेल्या माणसाला कुत्र्याची पांढरी शी नक्की आठवत असेल. पांदीच्या कडेला, उकिरड्यापाशी, शाळेच्या मागच्या पटांगणात ती पडलेली असायची. उन्हानं वाळून पांढरीफटक झालेली, चपलेच्या टोकानं ढकलली तर भुगा होणारी. आता पुण्यातल्या सोसायट्यांच्या आवारात ती शोधूनही सापडत नाही. विषय नाक मुरडण्यासारखा वाटेल, पण कुत्रं पाळणाऱ्यानं नाक मुरडून चालत नाही. त्या पांढऱ्या रंगामागं हाडांमधलं कॅल्शियम होतं. गावातली कुत्री हाडं फोडून खात आणि न पचलेला चुना शीतून बाहेर पडे. अशी शी घट्ट असे. कुत्र्याच्या अंगातली एक लहानशी व्यवस्था त्या घट्टपणावरच चालते, आणि बिघडली तर त्याला धड बसू देत नाही. गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असण्याची फारशी गरजही पडत नव्हती.

वाईजवळच्या आमच्या गावच्या घरी मोती होता. पिवळसर, उभ्या कानांचा. कुठल्या जातीचा, असं कधी कुणी विचारलं नाही. सोप्याच्या पायरीपाशी त्याची जर्मनची चेपलेली ताटली असायची. सकाळी रात्रीची शिळी भाकरी कुस्करून तिच्यात ताक ओतायचं, संध्याकाळी सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं. भाकरी ज्वारीची, थंडीत बाजरीची. धान्य घरचं, पीठ गावच्या गिरणीतलं, कोंडा तसाच राहिलेलं. रविवारी मटण शिजलं तर हाडं. दूध त्याच्या वाट्याला फारसं यायचं नाही. चहाला आणि आम्हा पोरांना दिल्यावर ते उरतच नसे. ताटलीत पडेल ते तो खायचा आणि चाटूनपुसून ताटली बाजूला सरकवायचा. मग दिवसभर हिंडणं. वडील सायकलवर मळ्याकडं निघाले की हा मागं धावत सुटायचा. उसाच्या सरीत उंदरांच्या मागं, ओढ्यात पाण्याला, दुपारी हळदीच्या शेताच्या बांधावर आंब्याखाली. पोटात काही बिघडलं की हरळी खाऊन ओकायचा आणि पुन्हा निघायचा. त्याच्या बरगड्या लांबूनही दिसायच्या. पण दांडगा होता. त्याला कधी कुणी फिरायला नेलं नाही, कारण कधी कुणी बांधलंच नव्हतं.

मोतीनं कधी बूड घासल्याचं मला आठवत नाही. आज त्याचं कारण सांगता येतं. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही अंगांना, घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी, स्नायूंच्या दोन थरांमध्ये दोन पिशव्या असतात. लहान कुत्र्यात वाटाण्याएवढ्या, मोठ्या कुत्र्यात द्राक्षाएवढ्या. डॉक्टर आणि पाळणारे, सगळेच त्यांना अॅनल ग्लँड म्हणतात. त्यात एक पिवळट-तपकिरी, उग्र वासाचा द्रव तयार होतो आणि बारीक नळीतून बाहेर येतो. दोन कुत्री भेटली की एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात ती याचसाठी. तो वास म्हणजे त्या कुत्र्याची ओळख. घट्ट शी बाहेर पडताना या पिशव्यांवर दाब येतो आणि रोज थोडा थोडा द्रव निघून जातो. शी मऊ झाली, की दाब पडत नाही. द्रव आत साठतो, दाट होतो, नळी चोंदते. मग कुत्रं बसल्या जागी वळून वळून मागं चाटतं, शेपटीच्या मुळाशी चावतं आणि मागचे पाय पुढं पसरून जमिनीवर बूड घासत जातं. घरात मासळीसारखा वास येतो. तसंच राहिलं तर जंतुसंसर्ग, मग पू, मग गळू. ते बहुतेक वेळा एकाच बाजूला फुटतं.

जुन्या दिवसांची आठवण गोड असली तरी ती अर्धीच सांगणं बरं नाही. मोती बचावला, सगळी बचावली नाहीत. शेजारच्या तात्यांच्या वाघ्याला शेपटीखाली लाल सूज आली होती. तो कुणाला जवळ येऊ देईना. माझी आजी ओसरीवरून पाहून म्हणाली, "जंत झालेत मेल्याला. गुळातनं वावडिंग घाला." कुत्रं बूड घासायला लागलं की सगळ्या गावाचं निदान हेच. ते दर वेळी चुकीचं होतं असंही नाही. पिसवा गिळल्यामुळं पोटात जाणारे पट्टकृमी असतील तर त्यांचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे शेपटीखाली चिकटतात आणि कुत्रं खाजेनं घासतंच. पण वाघ्याला जंत नव्हते. त्याची सूज फुटली, रक्त-पू वाहिला, तात्यांनी हळद आणि गोडं तेल लावलं. आमच्या बाजूला हळदीला काय तोटा! जखम भरली आणि पुन्हा फुटली. तिथं नासूर झाला. तात्या त्याला रोज भाकरी घालायचे आणि रोज त्याच्याकडं बघून हळहळायचे. वाघ्या पुढच्या पावसाळ्यात गेला. हाड आतड्यात अडकून तडफडत गेलेलं कुत्रंही गावानं पाहिलंय. शिजवलेलं हाड फुटतं तेव्हा त्याच्या टोकदार फाका होतात. पांढरी शी दिसायची ती याच हाडांची. एका कुत्र्याच्या ग्रंथी ज्यानं साफ राहिल्या, त्यानंच दुसऱ्याचा जीव घेतला. उरलेल्या आमटीतला कांदा-लसूणही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं.

डॉक्टर नव्हते का? होते, पण गुरांचे. बैल खोड्यात घालून तपासायचे, म्हशीचं रेडकू अडलं की रात्रीबेरात्री यायचे. त्यांच्याकडं कुत्रं न्यावं असं तात्यांच्या मनातही आलं नसेल, आणि नेलं असतं तरी लोक हसले असते. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, त्याच परळला १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. ती मुंबई आमच्यापासून फार लांब होती. आमच्याच जिल्ह्यात, शिरवळला, १९८८ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. वाघ्याच्या वेळी ते असतं तर, असं मला अजूनही वाटतं.

पुढं मी लग्न होऊन पुण्याला आले आणि कुत्र्याचं सगळं जगच बदलताना पाहिलं. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या टफीसारखा पांढरा केसाळ कुत्रा घरोघरी हवासा झाला. आम्ही सगळे त्याला पॉमेरियन म्हणायचो, तो खरा इंडियन स्पिट्झ. २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीत एका मुलाच्या मागं मागं फिरणारा पग आला, आणि मग पग. आता शित्झू, ल्हासा, टॉय पूडल. लहान चणीच्या कुत्र्यांनाच या ग्रंथींचा त्रास जास्त होतो. म्हणजे ज्यांना हा त्रास अधिक त्याच जाती आपण उचलून फ्लॅटमध्ये आणल्या. आणि त्यांना खायला काय घातलं? दूध-पोळी. चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटं. ब्रेड. वयानं मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दुधातलं लॅक्टोज पचत नाही, शी पातळ होते. मोतीच्या ताकात ते कमी असायचं. मैद्याच्या बिस्किटात चोथा जवळजवळ नाही, पोट मात्र भरतं आणि वजन वाढतं. जाड कुत्र्याच्या शेपटीखाली चरबी साचते, ग्रंथींवर पडायचा तो दाब नीट पडत नाही. त्यात हिंडणं संपलं. गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावर भुंकणारा पॉमेरियन हे नव्वदच्या दशकातल्या पुण्याचं मला सर्वांत जास्त आठवणारं दृश्य आहे. त्या गोलमटोल कुत्र्यांचं कौतुक व्हायचं. मला त्यांची दया यायची.

आता मुलाच्या घरी लाडू आहे. शित्झू, पाच वर्षांचा, स्वभावानं फार मायाळू. सून त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव टाकते. एक दिवस तो दिवाणखान्याच्या गुळगुळीत फरशीवर बूड घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. नातू टाळ्या वाजवायला लागला, त्याला तो खेळ वाटला. सून म्हणाली, "आई, याला जंत झाले असतील का हो?" ओसरीवरचं निदान इतक्या वर्षांनी अकराव्या मजल्यावर ऐकू आलं. त्याच संध्याकाळी आम्ही लाडूला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाई तिशीतल्या, शिरवळच्याच कॉलेजात शिकलेल्या. त्यांनी घाईनं काही केलं नाही. शेपटी उचलून पाहिलं, दोन्ही बाजूंना हलक्या बोटांनी चाचपलं, मग हातमोजा आणि वंगण लावून तर्जनी आत, अंगठा बाहेर, असं धरून एकेक पिशवी हळूच रिकामी केली. घट्ट, राखाडी लगदा निघाला. पू नव्हता, रक्त नव्हतं. सुनेला त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र सगळे ताटलीबद्दल होते. काय खातो, बिस्किटं किती, चिकन रोज का, शी कशी होते, कान खाजवतो का, पंजे चाटतो का. लाडू रोज चिकन-भात खायचा. मऊ पांढरा भात, बिनहाडाचं चिकन. घरातल्या सगळ्यांना हे सगळ्यात शुद्ध, सात्त्विक खाणं वाटायचं. त्यात चोथा जवळजवळ नव्हता आणि शी कायम मऊ होती. मोतीच्या भाकरीत जे आपसूक यायचं ते लाडूच्या वाटीत मुद्दाम घालावं लागणार होतं.

मग आमच्या स्वयंपाकघरात लाल भोपळा आला. साल आणि बिया काढून नुसता वाफवलेला, मीठ-मसाला काही नाही. लाडूएवढ्या कुत्र्याला जेवणात एक चमचा, तोही पहिले काही दिवस अर्धाच. चोथा एकदम वाढवला तर उलट वारा धरतो आणि शी पातळ होते. त्याबरोबर चिमूटभर इसबगोल, भरपूर पाण्यात भिजवून. कोरडं इसबगोल कधीच द्यायचं नाही, ते आतलं पाणी शोषून घेतं आणि बद्धकोष्ठ होतं. कधी उकडलेलं गाजर, कधी रताळ्याचा तुकडा. भाताऐवजी ज्वारीची मऊ भाकरी चिकनच्या बिनमिठाच्या पाण्यात कुस्करून देऊन पाहिली, ती लाडूनं ज्या चवीनं खाल्ली ते बघून माझे डोळे भरून आले. एक मात्र डॉक्टरांनी बजावलं. घरच्या घरी रोजचं पूर्ण जेवण करायचं तर कॅल्शियम आणि बाकीची तत्त्वं मोजून बसवावी लागतात. मोती उरलेली भर बांधावर उंदीर मारून काढत होता, लाडू काय मारणार? म्हणून लाडूचं मुख्य खाणं आता पाकीटबंद आहे आणि भाकरी-भोपळा त्यावरची भर. पाकिटावर चोथ्याचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं, ते वाचायचं. नवं खाणं सुरू करताना जुन्यात मिसळत मिसळत आठ-दहा दिवसांत बदलायचं. आणि दिवसभरात जे चटकमटक जातं ते एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपलीकडं जाऊ द्यायचं नाही. ही शेवटची गोष्ट आमच्या घरात सर्वांत अवघड ठरली, कारण लाडूचे डोळे.

एवढं करूनही सगळ्याच कुत्र्यांना फरक पडतो असं नाही. काही आठवड्यांतच ग्रंथी पुन्हा भरल्या तर मूळ दुसरीकडं असतं, आणि फार वेळा ते अॅलर्जी असतं. कातडी सुजते तशी त्या नळ्यांची तोंडंही सुजतात. लाडू पंजे चाटतो हे सुनेनं सांगितलं तेव्हाच डॉक्टरांचे कान टवकारले होते. त्यांनी चिकन बंद केलं आणि त्यानं कधी न खाल्लेल्या प्रथिनाचं खाणं आठ आठवडे लावलं. आठ आठवडे म्हणजे त्यात शेजारच्या काकूंचं बिस्कीट नाही, नातवाच्या हातून सांडलेलं अंडं नाही, जंताची चिकनच्या चवीची गोळीसुद्धा नाही. सगळ्या घरानं हे नेटानं पाळलं. पंजे चाटणं थांबलं, शी घट्ट झाली, बूड घासणं बंद झालं. भोपळ्यानं किती झालं आणि चिकन सोडल्यानं किती, ते वेगळं काढता येणार नाही. मला स्वतःला वाटतं, चिकनचाच वाटा मोठा होता.

फिरणं हा तर औषधाइतकाच मोठा भाग. आतडी हलतात, वजन उतरतं, आणि कुत्रं मोकळ्या जागेत सावकाश बसून नीट शी करतं. लिफ्टमधून उतरवायचं, गेटपाशी एक फेरी, पटकन झालं की वर, हे कुत्र्याचं फिरणं नव्हे. मी लाडूला सकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत नेते. बरगड्या दिसायला नकोत, पण तळहात फिरवला तर लागल्या पाहिजेत, हे माप डॉक्टरांनी दिलंय. एका बाबतीत मात्र आजचा काळ मोतीच्या काळाच्या पुढं आहे असं मी ठामपणं म्हणेन. मोती कुठं शी करतो ते कुणी पाहिलं नाही. आज पिशवी हातात घेऊन आपल्याला ती उचलावी लागते. पुष्कळांना ही शिक्षा वाटते. मला ती रोजची तपासणी वाटते. घट्ट आहे की लिबलिबीत, आव आहे का, रक्ताचा ठिपका आहे का, उचलताना आकार धरून राहते का. तात्यांनी वाघ्याची शी रोज हातानं उचलली असती, तर सूज येण्याआधी त्यांना काहीतरी कळलं असतं.

कुत्र्यांची पार्लरं निघाली आहेत तिथं अंघोळ, नखं, केस यांच्याबरोबर ग्रंथी पिळणं हेही दर महिन्याचं काम होऊन बसलंय. मला हे पटत नाही. ज्या कुत्र्याला काही त्रास नाही त्याच्या ग्रंथी पिळायच्याच कशाला? वारंवार आणि जोरानं पिळल्या तर त्या सुजतात आणि नसलेलं दुखणं उभं राहतं. ज्याला खरोखर गरज आहे त्याचं अंतर डॉक्टर ठरवतात, आणि घरी करायचं तर आधी त्यांच्यासमोर हात शिकून. सूज, लाली, वेदना असेल तर घरी बोटही लावू नये. अशा वेळी कोमट पाण्यात बुडवलेल्या कापडाचा शेक, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर, आणि दवाखाना. आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी तर अजिबात नको, आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. गळू झालेलं असेल तर डॉक्टर गुंगी देऊन पिशवी धुतात, आत औषध भरतात, प्रतिजैविकं देतात. पुन्हा पुन्हा तेच होत राहिलं तर पिशव्या काढून टाकायची शस्त्रक्रिया आहे. तिथून जाणाऱ्या नसा नाजूक असतात, त्यांना इजा झाली तर शीवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून ती अनुभवी हातानंच करून घ्यायची, आणि आधीचे सगळे उपाय झाल्यावर.

गावातली कुत्री म्हातारपणापर्यंत जगायचीच थोडी. त्यामुळं या ग्रंथींचं एक दुखणं आमच्या गावानं कधी पाहिलंच नसेल. आता कुत्री बारा-चौदा वर्षं जगतात आणि त्या वयात या पिशवीच्या भिंतीत कर्करोग होऊ शकतो. कॉकर स्पॅनियलमध्ये तो जास्त आढळतो. यात कुत्रं बूड घासेलच असं नाही. पुष्कळदा गाठीमुळं रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि कुत्रं सारखं पाणी पिऊ लागतं, सारखं मुतायला जातं, लोकांना वाटतं वयामुळं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या स्पॅनियलला असंच होतं. मालकीणबाईंनी पाण्याची वाटी दिवसातून किती वेळा भरावी लागते हे डॉक्टरांना सहज सांगितलं, डॉक्टरांनी बोट घालून तपासलं आणि उजव्या बाजूला जेमतेम सेंटिमीटरभर गाठ लागली. आठवड्याभरात शस्त्रक्रिया झाली. आता दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि रक्त तपासणी असते, आणि मधल्या काळात ती कुत्री लाडूच्या पुढं पुढं टेकडीपर्यंत येते.